चित्र होत असताना

दीड वर्षाच्या मुलाच्या हाती खडू लागला की आधी तो तोंडात जातो. मग मूल तो फरशीवर आपटतं. आपटता आपटता एक ठिपका उमटतो, हात मागे ओढला जातो आणि ठिपक्याची रेघ होते. मूल थबकतं, रेघेकडे टक लावून बघतं आणि पुन्हा हात फिरवतं. काही काढायचं असं त्याच्या मनात नसतं. आपण हात हलवला आणि त्याची खूण मागे राहिली, एवढंच त्याला कळलेलं असतं. पण हे कळणं फार मोठं आहे आणि पुढची सगळी चित्रकला त्यातूनच निघते.

या पहिल्या रेघेपासून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या घर-झाड-माणसांच्या चित्रापर्यंतचा प्रवास बहुतेक मुलांच्या बाबतीत साधारण एकाच क्रमाने होतो. हा क्रम ठाऊक असलेला मोठा माणूस मुलाशेजारी वेगळ्या तऱ्हेने बसतो. त्याचा हात मुलाचं चित्र ‘सुधारायला’ सहसा जात नाही.

सुरुवात हातापासून करू. लहान मुलाचं हालचालीवरचं नियंत्रण धडाकडून बोटांकडे सरकत जातं. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. म्हणून दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यातून हलवतं. त्याच्या रेघा कमानीसारख्या वळतात त्या यामुळेच. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेच्या रूपात असतात आणि एकेक करून घट्ट होत जातात. शेवटचं हाड तयार व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. अशा हाताला बारीक पेन्सिल आणि दुरेघी वही देऊन ‘नीट धर, रेघेत काढ’ म्हणणं हे शरीराच्या विरुद्ध जाणं आहे. त्याला हवी मोठी जागा. फरशी, अंगण, भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्र, काहीही चालेल. आणि खडू हवा जाडजूड, मुठीत मावेल असा.

सुरुवातीच्या गिरगोट्यांत मुलाचं लक्ष कागदावर असतंच असं नाही. हात इकडे फिरतो आणि नजर खिडकीबाहेर असते. काही महिन्यांनी नजर आणि हात एकत्र येतात. मूल आता रेघ जिथे न्यायची तिथे नेऊ बघतं. मागेपुढे, वरखाली, गोल गोल. ऱ्होडा केलॉग या अमेरिकी बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बालशाळांत काम करताना लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि १९६९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. या गिरगोट्यांचे त्यांनी वीस मूळ प्रकार वेगळे काढले. मुलं त्यांतूनच निवडतात आणि त्यांची जुळणी करतात, असं त्यांनी दाखवलं. गोल येतो, फुली येते, मग गोलात फुली. गोलाच्या कडेने किरण फुटतात आणि सूर्य होतो. त्याच सूर्याचे काही किरण पुढे हात-पाय होतात आणि कागदावर माणूस उभा राहतो. ज्यांना आपण ‘नुसत्या रेघोट्या’ म्हणतो, तो मुलाचा माल असतो. आधी माल गोळा होतो, बांधकाम नंतर.

या सगळ्यात मला सर्वांत थोर वाटतो तो बंद गोल. साधारण तिसऱ्या वर्षी एके दिवशी मूल फिरणारी रेघ थांबवतं आणि जिथून निघालं तिथेच आणून मिळवतं. यासाठी सुरुवात लक्षात ठेवावी लागते, वळण सांभाळावं लागतं आणि वेळेवर थांबावं लागतं. सुटणाऱ्या हाताला थांबवणं हे या वयात सगळ्यात अवघड काम आहे. शिवाय गोल बंद झाला की कागदाला आत आणि बाहेर अशा दोन बाजू मिळतात. आत दोन ठिपके दिले की ते कुणाचे तरी डोळे होतात.

याच सुमारास मूल रेघोट्यांना नावं देऊ लागतं. सकाळी ज्याला ते ‘भू भू’ म्हणालं, तेच संध्याकाळी ‘आजी’ होतं. घरच्यांना हे गमतीचं वाटतं, कधी खोटंही वाटतं. पण एका वस्तूने दुसऱ्या वस्तूच्या जागी उभं राहायचं, ही कल्पना मूल इथे पक्की करत असतं. पुढे ‘क’ हे चिन्ह एका आवाजाच्या जागी आणि ‘५’ हा आकडा पाच चिंचोक्यांच्या जागी उभा राहायचा असतो, त्याची तयारी इथे होते. अक्षरं गिरवून घ्यायची घाई झालेल्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. रेघोट्यांचा काळ वाया जात नाही.

मग येतो डोक्यातूनच पाय फुटलेला माणूस. गोल डोकं, त्यात डोळे-तोंड, आणि खाली थेट दोन काड्या. पोट नाही, छाती नाही. निरनिराळ्या देशांतली साडेतीन-चार वर्षांची मुलं असा माणूस काढतात. पोट त्यांना माहीत नसतं असं नाही. ‘तुझं पोट कुठे?’ विचारलं की लगेच सदरा वर करून दाखवतात. पण कागदावर माणूस ओळखू यायला काय काय पुरेसं आहे याचा मुलाने आपल्यापुरता निकाल लावलेला असतो. चेहरा आणि चालते पाय. कुणी सांगितलं नाही तरी काही महिन्यांनी दोन पायांच्या मध्ये बेंबी येते, मग धड येतं, बटणं येतात.

जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मांडलं की लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे माहीत असतं ते काढतं. याचा सुरेख पडताळा १९७२ साली ब्रिटनमध्ये घेतला गेला. नॉर्मन फ्रीमन आणि जानिकून यांनी मुलांसमोर एक कप ठेवला. कान मागच्या बाजूला, म्हणजे मुलांना दिसणार नाही असा, आणि बाहेरून चितारलेलं फूल पुढे, स्पष्ट दिसेल असं. पाच ते सात वर्षांच्या मुलांनी कपाला न दिसणारा कान आवर्जून काढला, आणि समोरचं फूल बहुतेकांनी गाळलं. आठच्या पुढची मुलं मात्र दिसलं तसं काढू लागली. लहानांचं म्हणणं सरळ आहे. कान नसेल तर त्याला कप कसं म्हणायचं? फूल असलं काय नि नसलं काय!

हे एकदा समजलं की मुलांच्या चित्रातल्या ‘चुका’ दिसेनाशा होतात. बसच्या पत्र्याआड बसलेल्यांचे पाय दिसतात, कारण पाय तिथे असतात. विहीर बाजूने कापल्यासारखी दिसते आणि आत मासे पोहतात. आईच्या पोटात बाळ दिसतं. बालवाडीच्या ताई शाळेच्या इमारतीहून उंच असतात, कारण मुलाच्या दिवसात त्या इमारतीपेक्षा मोठ्या आहेत. सहा-सातच्या सुमाराला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि वरच्या कडेला आकाशाची निळी पट्टी, मध्ये हवा मोकळी. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात या पायऱ्या वयानुसार लावून दाखवल्या. वयाचे आकडे काटेकोर धरू नयेत, मुलं मागेपुढे होतात. क्रम मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता एक चित्र होताना जवळून पाहू. चार वर्षांची मुलगी, समोर मोठा कागद, तीन वाट्यांत पिवळा, निळा, लाल रंग, एक जाड ब्रश. ब्रश पिवळ्यात पार बुडतो, कागदावर टेकताच थेंब ओघळतो. ती ओघळाकडे बघत राहते, मग कागद उचलून तिरका करते. थेंब दिशा बदलतो. दुसरीकडे तिरका करते, तो तिकडे वळतो. आता मुद्दाम दोन थेंब सोडून ती त्यांची शर्यत लावते. शर्यत संपल्यावर वर गोल काढते, ‘सूर्य’ म्हणते. न धुतलेला ब्रश निळ्यात जातो, निळी रेघ सूर्याला लागते आणि कडेला हिरवं होतं. ती मान वर करून आजूबाजूला बघते. कुणी पाहिलं का? पुन्हा करून बघते. पुन्हा हिरवं. ‘झाड आलं!’ मग लाल रंग. हिरव्यावर लाल, त्यावर निळा, पुन्हा पिवळा. कागदाचा मधला भाग मातकट होतो, काळपट होतो, ती घासतच राहते. सूर्य झाकला गेला. ‘रात्र झाली,’ ती शांतपणे सांगते. ओला कागद घासून फाटतो. ती भोकातून बोट घालून पाहते, ब्रश ठेवते आणि हात धुवायला जाते.

जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात तिने पाण्याचा उतार तपासला, दोन रंगांतून तिसरा मिळवला आणि तो योगायोग नव्हता ना हे पुन्हा करून पाहिलं. ठरवलेलं सूर्याचं चित्र बदललं, दिवसाची रात्र केली, कागद किती घासणं सोसतो हे शोधलं आणि काम संपलं हे स्वतः ठरवलं. यातलं फाटक्या कागदावर काय उरलं? एक तपकिरी डाग. त्यावरून मुलीने काय केलं हे जोखणं म्हणजे खरकट्या ताटावरून जेवणाची चव ठरवणं.

एरवी मात्र नेमक्या हिरवं झाड आलं त्या क्षणी बाजूच्या मोठ्या माणसाच्या तोंडून निघतं, ‘थांब थांब, छान झालंय, आता खराब करू नकोस!’ कागद काढून घेतला जातो, दोरीवर वाळत टांगला जातो, फोटो आजीला जातो. चित्र वाचतं, पण रात्र व्हायची राहते. दाखवण्याजोगं चित्र हवं असतं ते आपल्याला. मुलीला तर अजून रंगांचं काय काय होतं ते बघायचं होतं.

गॅदरिंगच्या वेळी भिंतीवर लागलेले कापसाचे ससे आठवा. पंचवीस मुलांचे पंचवीस ससे, सगळ्यांचे कान सारखे, डोळ्याच्या टिकल्या एकाच जागी. कार्डशीट ताईंनी कापलेलं, डिंक ताईंनी लावलेला, मुलाने कापूस दाबलेला. ससा कुठे बसवायचा, कसला, मुळात ससाच का, यातलं एकही मुलाने ठरवलेलं नसतं. ताईंनी रात्री जागून हे केलेलं असतं हे मला दिसतं आणि पालकांना ‘तयार वस्तू’ हवी असते म्हणूनच त्या हे करतात हेही. त्यामुळे दोष एकट्या ताईंवर टाकता येत नाही. पण या सशांना मुलांची कला म्हणू नये. छापील आकृत्या रंगवायच्या पुस्तकांबद्दलही माझं हेच मत आहे. हात स्थिर व्हायला ती अधूनमधून ठीक आहेत, प्रवासात मूल रमतंही. मात्र त्यातलं चित्र दुसऱ्या कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं असतं.

आपल्याकडचं ठरीव निसर्गदृश्यही असंच वरून येतं. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, तिथून निघणारी नदी, काठाला कौलारू झोपडी आणि नारळाचं झाड. लातूरच्या मुलाच्या वहीतही नारळ आणि कोल्हापूरच्याही. दारातली बाभूळ, शेजारचा पाण्याचा टँकर, इमारतीचा जिना, यांना त्या चित्रात जागाच नाही. मूल हे दृश्य एकदा शिकलं की दर वेळी तेच काढतं, कारण त्याला शाबासकी हमखास मिळते.

शाबासकीवरून एक प्रयोग सांगायलाच हवा. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत तो केला. रंगीत मार्करनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फितीचं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता चित्र झाल्यावर दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच मार्कर वर्गात सहज ठेवले आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते पाहिलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ मार्करकडे वळली. शिवाय बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रं, कोणत्या गटाची ते न सांगता तपासायला दिली तेव्हा, तुलनेने उणी ठरली. लक्षात घ्या, नुसतं प्रमाणपत्र मिळाल्याने आवड घटली नाही. अवचित मिळालेल्यांची आवड शाबूत होती. चित्र हे बक्षीस मिळवायचं साधन झालं, तिथे ती घटली.

मुलाचं चित्र मुलाच्याच हाती सोडायचं, हा विचार आपल्या मातीत नवा नाही. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत १९६२ पर्यंत कलाशिक्षक होते. कला हाच शिक्षणाचा पाया, हे त्यांनी तिथल्या मुलांबरोबर काम करत मांडलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, आणि साधनं विकत आणण्याऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले, खडे, माती यांतून उभी करायची, ही त्यांची रीत होती. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा वेगळा मानला आहे आणि त्यात खेळ व कृतीवर भर आहे. कागदावर तरी वाट मोकळी आहे.

साधनांसाठी खर्च लागत नाही. अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर आधी थोड्या गार पाण्यात कालवायचं, मग एकूण दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवायचं. चकचकीत खळ झाली की उतरवून गार करायची. त्यात हळद, बिटाचा रस, खायचे रंग घातले की बोटांनी फासायचा रंग तयार. तोंडात गेला तरी घाबरायला नको. गेरू पाण्यात भिजवून थोडा डिंक मिसळला की ब्रशने लावता येतो. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकून निळं पाणी काढा आणि मुलाला त्यात लिंबू पिळू द्या. पाणी जांभळं होताना बघण्यासारखा चेहरा दुसरा नाही. मळायला दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं, साधारण पाऊण वाटी पाणी. हा गोळा झाकून ठेवला तर काही दिवस टिकतो. पोळ्या चालू असताना कणकेचा गोळा मागून घेणारं मूल घरोघर असतं. त्याला ‘पोळी कर’ न सांगता नुसता गोळा द्यावा. बिया, मणी, टिकल्या मात्र तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवाव्यात.

रंग एका वेळी दोन-तीनच द्या. बारा रंगांची पेटी उघडली की मूल रंग निवडत बसतं, तीन वाट्या असल्या की चौथा रंग स्वतः करून बघतं. आणि वेळ द्या. वीस मिनिटांच्या तासिकेत साहित्य वाटण्यातच दहा मिनिटं जातात. तेच साहित्य आठवडाभर रोज त्याच कोपऱ्यात मिळालं तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कामाला खोली येते, कारण मूल आदल्या दिवशी जिथे थांबलं तिथून पुढे जातं.

शेजारी बसून बोलायचं काय? ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न शक्यतो नको, कारण दर वेळी काहीतरी ‘काढलेलं’ असतंच असं नाही आणि मग मूल आपल्याला बरं वाटावं म्हणून नाव शोधतं. ‘वा, मस्त!’ हेही दर वेळी नको. ते न बघताही म्हणता येतं आणि मुलाला ते कळतं. दिसलं ते सांगा. ‘इथे खडू खूप दाबलास, रेघ जाड झालीय.’ ‘हा गोल सगळ्यांपेक्षा मोठा आहे.’ मग गप्प राहा. बहुतेक वेळा मूलच पुढची हकिगत सांगू लागतं. ‘मला हत्ती काढून दे’ असा हट्ट झाला तर हत्ती काढून देऊ नका. तुमचा हत्ती पाहिला की त्याला आपला नकोसा होतो. त्याऐवजी विचारा, हत्तीचं सगळ्यात लांब काय असतं? तिथून सुरू करू या. चित्र पूर्ण झाल्यावर त्याच्या पाठीमागे तारीख आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. वर्षभराची अशी चित्रं ओळीने मांडली की मुलाची वाढ जितकी दिसते तितकी कोणत्याच प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

महाराष्ट्रात मुलांच्या हाती आलेली सगळ्यात मोठी कलाकृती म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगड-विटांचा ढीग, चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून चाळलेली माती, हळीव पेरून उगवलेलं जंगल. बुरूज ढासळतो, कारण चिखल पातळ झाला. पायऱ्या फार उभ्या होतात, मावळा घसरतो. भुयार खणता खणता अर्धा किल्ला बसतो आणि पुन्हा बांधला जातो. रोज संध्याकाळी भांडणं, रोज नवा बेत. आता बाजारात तयार किल्ले मिळतात, आणि जिथे माती आहे तिथे स्पर्धा आहे. परीक्षक येणार म्हणून आदल्या रात्री बाबा-काका बुरूज सरळ करतात, फलक लिहितात, दिव्यांची माळ सोडतात आणि मुलं बाजूला उभी राहून बघतात.

तेव्हा सोसायटीच्या आणि मंडळाच्या मंडळींना एक विनंती आहे. या दिवाळीत आठ वर्षांखालच्या मुलांसाठी किल्ल्याची स्पर्धा ठेवू नका. त्या पैशांत दोन ब्रास लाल माती मागवा, वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी आवाराच्या एका कोपऱ्यात ओतून द्या, जवळ पाण्याच्या बादल्या, जुनी गोणपाटं आणि पाव किलो हळीव ठेवा. लक्ष ठेवायला एकजण पुरे. त्याने हात मातीत घालायचा नाही.